249 रुपये 72 पैशांचा निकाल

प्रति,
माननीय मुख्य न्यायमूर्ती,
मध्य प्रदेश उच्च न्यायालय, जबलपूर



हे पत्र पदाला आहे, व्यक्तीला नाही. मुख्य न्यायमूर्ती बाहेरच्या राज्यातून येतात, थोडा काळ राहतात आणि पुढे जातात, हा आता रिवाजच झाला आहे. त्यामुळे हे वाचलं जाईल तेव्हा त्या खुर्चीवर कोण असेल, हे सांगता येत नाही. मराठीत लिहितोय याचंही नवल वाटू नये. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूरचं उच्च न्यायालय जबलपूरला आलं आणि फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर वकील, कारकून, टंकलेखक अशी कितीतरी मराठी बिऱ्हाडंही इथं उतरली. अलीकडे शरद बोबडे आणि अजय खानविलकर हे दोघं याच खुर्चीवरून सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हा भाषेबद्दल माफी मागत नाही.

मी करसल्लागार आहे. दुसऱ्यांच्या वह्या तपासणं हा माझा धंदा. कायद्याचं माझं ज्ञान आपल्या आवारातल्या कनिष्ठातल्या कनिष्ठ वकिलापेक्षाही कमी असेल, पण खोटी वही मला वासावरून कळते. निवडणुकीत उतरलेले उमेदवार जी वही सरकारला देतात, तिच्याबद्दल आणि त्या वहीवर उच्च न्यायालयांनी दिलेल्या काही वादग्रस्त निकालांबद्दल मला बोलायचं आहे. रास्त टीका म्हणजे अवमान नव्हे, असं 1971 च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम 5 मध्येच लिहिलं आहे. त्या कलमाच्या आधारानं पुढे जातो.

सुरुवात आपल्याच न्यायालयाच्या एका निकालापासून करतो.

1963 च्या मे महिन्यात कसडोलला विधानसभेची पोटनिवडणूक झाली. कसडोल तेव्हा रायपूर जिल्ह्यात होतं, आता ते छत्तीसगडात गेलं. काँग्रेसचे उमेदवार होते पंडित द्वारकाप्रसाद मिश्र. जबलपूरचे पुढारी, 'कृष्णायन'चे कवी आणि राजकारणात ज्यांना लोक चाणक्य म्हणत ते. समोर होते कमलनारायण शर्मा. मिश्र निवडून आले आणि सप्टेंबरअखेर मुख्यमंत्री झाले. शर्मांनी निवडणूक याचिका दाखल केली. आरोप अनेक होते. 'महाकोशल' या वर्तमानपत्रात आपल्याविरुद्ध खोटा मजकूर छापला गेला, असा एक. खर्चाची मर्यादा ओलांडली, असा दुसरा. त्या काळी अशा याचिका आधी न्यायाधिकरणापुढे चालत आणि मग अपिलात उच्च न्यायालयाकडे येत. ही याचिका चालत राहिली. मध्यंतरी 1967 ची सार्वत्रिक निवडणूक होऊन गेली. काँग्रेसच्या गोविंदनारायण सिंहांनी आपल्या माणसांसह पक्ष सोडला, मिश्रांचं सरकार पडलं, संयुक्त विधायक दलाचं सरकार आलं आणि 1969 च्या मार्चमध्ये तेही कोसळलं. मिश्र पुन्हा मुख्यमंत्री होणार हे जवळपास ठरलं होतं, आणि नेमका त्याच सुमाराला जबलपूरचा निकाल आला. कसडोलमध्ये मर्यादेपेक्षा 249 रुपये 72 पैसे जास्त खर्च झाला होता. भ्रष्ट आचरण शाबीत झालं आणि सहा वर्षांची अपात्रता आली. मुख्यमंत्री झाले श्यामाचरण शुक्ल. गंमत अशी, की ज्या 'महाकोशल'मधल्या मजकुराचा वाद होता, त्याचे संपादक हेच श्यामाचरण. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पण मिश्रांची वेळ टळून गेली होती. त्यानंतर ते कधीच मुख्यमंत्री झाले नाहीत.

जबलपुरातल्या जुन्या मंडळींपुढे हा विषय निघाला की आजही दोन तट पडतात. अडीचशे रुपयांसाठी एवढा मोठा माणूस संपवला, चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, असं एका तटाचं म्हणणं. दुसरा तट म्हणतो, पंडितजी कसले संन्यासी, त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब चुकते केले, एकदा त्यांचा झाला. मला विचाराल तर निकाल बरोबर होता. मर्यादा म्हणजे मर्यादा. प्राप्तिकराच्या विवरणात माझ्या अशिलाचे अडीचशे रुपये चुकले तर खातं त्याला सोडत नाही, मग उमेदवाराला का सोडावं? दोष निकालाचा नव्हता. दोष त्याला लागलेल्या वेळाचा होता. मेमध्ये झालेल्या निवडणुकीचा हिशेब सहा वर्षांनी लागला, आणि तोही अशा मुहूर्तावर की न्याय झाला की कुणाची सोय झाली, हा संशय कायमचा चिकटून राहिला.

राजकारण्यांनी मात्र त्यातून वेगळाच धडा घेतला. कमी खर्च करा, हा धडा कुणी घेतला नाही. वही नीट लिहा, एवढाच घेतला. त्यानंतरच्या उमेदवारांच्या वह्या पाहाव्यात. मर्यादेच्या वर कुणी जातच नाही. बहुतेकांचा खर्च मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास येऊन थांबतो, जणू सगळ्यांची वही एकाच मुनीमजींनी लिहिली आहे.

या वह्या कुणालाही पाहता येतात. निकालानंतर 30 दिवसांत उमेदवारानं हिशेब द्यायचा आणि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यानं तो संकेतस्थळावर टाकायचा. पानं वाकडी स्कॅन केलेली असतात, कडा कापलेल्या असतात. निवडणूक लागली की जिल्हा प्रशासन आधी एक दरपत्रक काढतं. त्यात चहा, समोसा, पोहे, फुलांचा हार, प्लास्टिकची खुर्ची, गादी, लोड, तंबूचं कापड, ढोलवाला, जीपचं दिवसाचं भाडं, फ्लेक्सचा चौरस फुटाचा भाव अशा प्रत्येक गोष्टीचा दर असतो. उमेदवाराच्या प्रत्येक सभेत निवडणूक आयोगाचा माणूस कॅमेरा घेऊन हजर असतो. तो खुर्च्या मोजतो. त्याची स्वतंत्र नोंदवही असते, तिला छाया नोंदवही म्हणतात. प्रचाराच्या काळात किमान तीनदा उमेदवाराची वही या छायेशी ताडून पाहतात. फरक निघाला तर नोटीस जाते, उमेदवाराचा माणूस येतो, दोन-चारशे खुर्च्या वाढवून घेतो आणि प्रकरण मिटतं.

व्यवस्था कागदावर इतकी चोख आहे की माझ्यासारख्याला हेवा वाटावा. आणि तरीही ती काय मोजते? खुर्च्या आणि समोसे. मतदानाच्या आदल्या दोन रात्री वस्तीत फिरणारी पाकिटं, वॉर्डातल्या दादाला दिलेला ठोक आकडा, भंडाऱ्याच्या नावाखाली उठलेल्या पंगती, मंडळांच्या ढोलताशांची 'वर्गणी', यातलं काही दरपत्रकात नसतं. जबलपूरच्या गोलबाजारात, राँझीत, गोरखपुरात राहणारा कुठलाही माणूस आपल्या वॉर्डाचा भाव सांगेल. तो भाव वहीत नसतो, कारण वहीत तो लिहायची पद्धतच नाही.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण सांगतो. जून 2013 मध्ये मुंबईत एका जाहीर कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे सहज बोलून गेले की 2009 च्या लोकसभा निवडणुकीत आपला 8 कोटी रुपये खर्च झाला. बीडच्या त्या निवडणुकीचा त्यांनी दिलेला हिशेब 19 लाखांच्या आसपासचा होता आणि मर्यादा होती 25 लाख. आयोगाची नोटीस गेली, उत्तर आलं, पुढे अपात्रता वगैरे काही झाली नाही. मुंडे खोटं बोलले असं कुणीही म्हणालं नाही. उलट, मोकळेपणाबद्दल त्यांचं कौतुकच झालं. देशातल्या एका मोठ्या नेत्यानं व्यासपीठावरून आपली वही खोटी असल्याचं सांगितलं आणि लोक हसले. माझ्या धंद्यात असं घडलं असतं, तर त्या अशिलाला आणि मला दोघांनाही झोप लागली नसती.

वही खोटी लिहिण्याची मोकळीक कायद्यानंच दिली आहे, हे आपल्याला सांगायला नको, पण वाचकांसाठी सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 77 उमेदवारानं स्वतः केलेला किंवा त्याच्या संमतीनं झालेला खर्च मोजतं. पक्षानं केला तर? मित्रमंडळींनी केला तर? 3 ऑक्टोबर 1974 ला कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या दिल्लीच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की उमेदवाराच्या डोळ्यांदेखत पक्ष त्याच्यासाठी पैसा ओतत असेल आणि तो गप्प बसत असेल, तर ती त्याची संमतीच धरावी लागेल. नाहीतर मर्यादेला अर्थच उरत नाही. इतका सरळ, शहाणा निकाल. तो सोळा दिवस टिकला. 19 ऑक्टोबरला वटहुकूम निघाला आणि पक्षाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून बाहेर काढला गेला. पुढे 2003 मध्ये कलम पुन्हा बदललं, काही पळवाटा बुजल्या, पण पक्षाच्या नेत्यांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार अजूनही उमेदवाराच्या वहीत येत नाही. पक्षानं किती खर्च करावा याला तर मर्यादाच नाही. आज विधानसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यात 40 लाख, लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख. पक्षाला आकाश मोकळं.

त्या वटहुकुमानंतर तीन महिन्यांत, 1975 च्या जानेवारीत, याच जबलपुरात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. सेठ गोविंददास वारले होते. राजा गोकुळदासांचं घराणं, गडगंज श्रीमंती, आणि जबलपूरची जागा वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. जयप्रकाश नारायणांनी उभा केला अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेला, तुरुंगाच्या वाऱ्या केलेला 27 वर्षांचा शरद यादव. खर्चाची तुलना करायचीच नाही. यादव जिंकले. पैशानं निवडणूक जिंकता येते हे खरं, पण नेहमी येतेच असं नाही, हे याच शहरानं दाखवलं होतं. पुढे आणीबाणीत लोकसभेची मुदत संपली आणि सरकारनं ती वाढवून घेतली, तेव्हा राजीनामा देऊन बाहेर पडलेले खासदार दोन. एक शरद यादव आणि दुसरे आमच्या पुण्याचे मधु लिमये.

आणीबाणीचा विषय निघालाच आहे, तर जबलपूरच्या नावावर बसलेल्या एका डागाबद्दल बोलू द्या. एडीएम (म्हणजे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी) जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल हे नाव घेतलं की कायद्याचा विद्यार्थी आजही नाक मुरडतो. नागरिकाला विनाचौकशी डांबलं तरी त्याला न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही, असं 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतांनी ठरवलं. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळे उभे राहिले. चौघांत भगवती होते, आणि आपले यशवंतराव चंद्रचूडही. त्यांच्याच चिरंजीवांनी, धनंजय चंद्रचूडांनी, 24 ऑगस्ट 2017 ला तो निकाल चुकीचा ठरवला, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. पण एक गोष्ट लोक विसरतात. जबलपूरच्या उच्च न्यायालयानं निकाल नागरिकाच्या बाजूनं दिला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही. देशातली नऊ उच्च न्यायालयं तेव्हा सरकारसमोर ताठ उभी राहिली होती. नाव बदनाम झालं ते जिल्हा प्रशासनाच्या अपिलामुळे. वरचं न्यायालय काय म्हणेल आणि दिल्लीला काय रुचेल याचा हिशेब न करता कायदा वाचण्याची सवय आपल्या इमारतीत होती, एवढंच त्यातून घ्यायचं.

ती सवय खर्चाच्या खटल्यांत दिसत नाही, ही माझी तक्रार आहे. फक्त आपल्याबद्दल नव्हे, सगळ्याच उच्च न्यायालयांबद्दल.

दोन प्रकरणं सांगतो, एक नांदेडचं आणि एक दतियाचं. 2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत भोकरमधून अशोक चव्हाण उभे होते, मुख्यमंत्री असताना. निवडणुकीच्या दिवसांत मोठ्या मराठी वर्तमानपत्रांतून 'अशोक पर्व' नावाच्या पुरवण्या निघाल्या. पानंच्या पानं स्तुती, काही ठिकाणी शब्दही तेच. जाहिरात म्हणून कुठे उल्लेख नाही. चव्हाणांच्या वहीत वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचा खर्च होता 5,379 रुपये. पत्रकार पी. साईनाथांनी ते उघड्यावर आणलं. पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर आयोगाकडे गेले. आयोगाला वहीच्या खरेपणात शिरता येतं की नाही, यावरच वर्षं गेली. 5 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की येतं, आणि 45 दिवसांत ठरवा. आयोगानं जुलैत हिशेब अयोग्य ठरवला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आयोगाचा आदेश रद्द केला. उमेदवारानं तो खर्च केला किंवा त्याला संमती दिली, हे सिद्ध होत नाही म्हणे. तोवर चव्हाण नांदेडचे खासदार झाले होते आणि ज्या विधानसभेचा वाद होता ती संपायला आली होती.

दुसरं प्रकरण आपल्या राज्यातलं. दतियाचे नरोत्तम मिश्र, 2008 ची निवडणूक, तक्रार तीच: पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्या. आयोगानं 23 जून 2017 ला त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. ते मंत्री होते. प्रकरण ग्वाल्हेर खंडपीठात गेलं, तिथून जबलपूरला आलं आणि इथं काही ठरण्याआधी सर्वोच्च न्यायालयानं ते दिल्ली उच्च न्यायालयाकडे पाठवलं, कारण राष्ट्रपतिपदाचं मतदान तोंडावर होतं. दिल्लीच्या एकल न्यायमूर्तींनी दाद दिली नाही. मे 2018 मध्ये तिथल्याच खंडपीठानं आयोगाचा आदेश फिरवला. बातम्या पैसे देऊन छापल्याचा आणि त्यात मिश्रांचा हात असल्याचा पुरावा पुरेसा नव्हता. म्हणजे 2008 च्या वहीवर 2018 मध्ये शिक्कामोर्तब.

वरातीमागून घोडे, असं आपण म्हणतो. इथं घोडे पोचले तेव्हा मांडवही उतरवून झाला होता.

पुराव्याबद्दलही माझं म्हणणं आहे. भ्रष्ट आचरणाचा आरोप फौजदारीसारखा गंभीर धरायचा आणि तितकाच पक्का पुरावा मागायचा, असा न्यायालयांचा शिरस्ता आहे. ते मला मान्य आहे, कारण त्यामुळे माणसाचं सार्वजनिक आयुष्य संपू शकतं. पण पक्का पुरावा म्हणजे पावती, आणि अशा व्यवहाराची पावती कोण कुणाला देतो? पाच वर्तमानपत्रांत एकाच उमेदवाराची एकसारखी आरती छापून येते आणि वहीत तिचा एक पैसा नसतो, तेव्हा प्रश्न उमेदवाराला विचारायला हवा की हे फुकट कसं झालं. आपल्याकडे तो तक्रारदाराला विचारला जातो. माझ्या धंद्यात नेमकं उलट चालतं. जीएसटी आल्यापासून छोट्या किराणा दुकानदाराचं प्रत्येक बिल समोरच्या पुरवठादाराच्या विवरणाशी संगणकावर ताडलं जातं. पुरवठादारानं कर भरला नाही तर दुकानदाराची वजावट अडते, त्याची चूक असो वा नसो. मग मंडपवाला, केटरर, फ्लेक्स छापणारा, जीपवाला यांनी त्या पंधरवड्यात किती धंदा केला आणि उमेदवारांच्या वह्यांत मिळून किती दिसतो, हे ताडून पाहायला न्यायालयाला कोण अडवतंय? पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता टाकणं, आणि छापल्याची माहिती प्रशासनाला देणं, हे कलम 127-क नं बंधनकारकच केलं आहे. कागद आहेत. मागवणारा हवा.

पैसा येतो कुठून, हा वेगळा आणि मोठा विषय, पण त्यातही उच्च न्यायालयाचा हात आहे. 1957 मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षाला देणगी देता यावी म्हणून कंपनीच्या घटनापत्रकात बदल हवा होता. एका भागधारकानं हरकत घेतली. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागलांपुढे प्रकरण आलं. छागलांनी परवानगी दिली, कारण कायद्यात अडथळा नव्हता. पण निकालातच बजावून ठेवलं की कंपन्यांचा पैसा पक्षांत शिरू लागला तर लोकशाहीचा गळा आवळला जाईल, संसदेनं वेळीच विचार करावा. परवानगी द्यावी लागते म्हणून दिली आणि धोका दिसतोय म्हणून सांगितला, असा निकाल लिहायला धारिष्ट लागतं. पुढे 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, आणि देणग्या काळ्या पैशातून येऊ लागल्या. 1985 मध्ये बंदी उठली. 2013 मध्ये नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा आली, 2017 मध्ये तीही गेली आणि निवडणूक रोखे आले. कोणी कोणाला दिलं हे मतदाराला कळणारच नाही, अशी ती सोय. 2018 पासून 16 हजार 500 कोटींहून जास्त रकमेचे रोखे विकले गेले. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवले. आव्हान 2017 मध्येच दिलं गेलं होतं. मधल्या काळात एक पूर्ण लोकसभा निवडणूक आणि कितीतरी विधानसभा निवडणुका त्या पैशावर पार पडल्या. छागलांना जे 1957 मध्ये दिसलं, ते थांबवायला दिल्लीला सहासष्ट वर्षं लागली, हे लिहिताना राग येतो, लपवत नाही.

पैसा कुठून आला हे शोधणं आपल्या हाती नसेल. वही आपल्या हाती आहे. निवडणूक याचिका 1966 च्या दुरुस्तीनंतर थेट उच्च न्यायालयापुढे चालतात. न्यायाधिकरण वगैरे मधला टप्पा उरला नाही. कलम 86 म्हणतं की सुनावणी शक्य तितकी रोजच्या रोज घ्या आणि याचिका दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करा. 'प्रयत्न' म्हटलं आहे म्हणून सहा महिन्यांची सहा वर्षं होतात, हे मला समजतं. आपल्या न्यायालयात न्यायमूर्तींची मंजूर पदं 53 आहेत आणि ती कधीच पूर्ण भरलेली नसतात. प्रलंबित प्रकरणं चार लाखांवर आहेत. जामिनासाठी तुरुंगात खितपत पडलेल्या माणसाला बाजूला ठेवून आमदाराच्या खुर्च्या मोजा, असं मी म्हणणार नाही. पण जिल्ह्यातल्या आठ मतदारसंघांतून किंवा सबंध राज्यातूनही खर्चावरच्या याचिका अशा किती येणार? हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. त्यासाठी निकालाच्या वर्षी एक पीठ सहा महिने बाजूला ठेवता येणार नाही, हे मनाला पटत नाही.

विरोधकाच्या वकिलांबद्दलही एक सांगायला हवं. आयोगाकडे सभांची चित्रफीत असते, छाया नोंदवही असते, दरपत्रक असतं. हे सगळं जिल्हा कचेरीत पडून राहतं आणि याचिका लिहिणारा वकील वर्तमानपत्राची कात्रणं जोडून मोकळा होतो. पहिल्याच तारखेला न्यायालयानं ही सामग्री आपणहून मागवली, तर निम्मं काम तिथंच होईल आणि कुणाला पुरावा नष्ट करायला वेळ मिळणार नाही. आणि ज्यांनी पैसा पुरवला त्यांची नावं निघाली, तर कलम 99 प्रमाणे त्यांना नोटीस देऊन ऐकून घेऊन निकालात नाव घालायची सोय आहे. आजवर ती क्वचितच वापरली गेली, कारण त्यात शहरातली वजनदार नावं येतात.

मध्य प्रदेश विधानसभेची पुढची निवडणूक 2028 च्या अखेरीस अपेक्षित आहे. निकालानंतर याचिका दाखल करायला 45 दिवस असतात, म्हणजे 2029 च्या सुरुवातीला त्या आपल्या दफ्तरात येऊ लागतील. तेव्हा आपण इथं असाल की नाही, ठाऊक नाही. जे कुणी असतील त्यांनी यातल्या प्रत्येक याचिकेची पहिली तारीख देताना निकालाची शेवटची तारीखही त्याच आदेशात लिहून द्यावी, आणि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला छाया नोंदवही, चित्रफिती आणि मुद्रकांनी दिलेली निवेदनं सीलबंद करून पंधरा दिवसांत हजर करायला सांगावं. मंडपवाल्यांची आणि छापखानेवाल्यांची जीएसटी विवरणं ताडायला माणूस हवा असेल, तर शहरात आमच्यासारखे करसल्लागार पुष्कळ आहेत. फी घेणार नाही.

आपला नम्र,
जबलपूरचा एक करसल्लागार आणि मतदार